सपाट पट्टीवरील रोलर: संपर्क प्रतिबल कसे काढावे?

प्रश्न: ४० मिमी व्यासाचा, २० मिमी रुंद पोलादी रोलर पोलादी पट्टीवर ८००० न्यूटन भार घेऊन फिरतो. स्पर्श केवळ रेषेवर होत असेल, तर प्रतिबल (बल भागिले क्षेत्रफळ) काढताना क्षेत्रफळ कोणते धरावे?

उत्तर १: क्षेत्रफळ गृहीत धरू नये, हर्ट्झच्या सूत्रानुसार (वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेल्यावर स्पर्शक्षेत्र व दाब देणारे सूत्र) दोन्ही पृष्ठभाग किंचित दबून सुमारे ०.६ मिमी रुंदीचा पट्टा तयार होतो आणि त्याच्या मध्यरेषेवर साधारण ८५० मेगापास्कल दाब येतो. भार दुप्पट झाला, तरी हा दाब १.४ पटच वाढतो.

उत्तर २: हिशेब बरोबर आहे, मात्र सर्वाधिक कर्तन प्रतिबल (धातूचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारे प्रतिबल) पृष्ठभागावर नसून सुमारे ०.२३ मिमी खोलीवर असते, त्यामुळे पृष्ठभागाचा कठीण केलेला थर त्याहून बराच जाड हवा. मृदू पोलाद येथे मुळीच चालणार नाही.

प्रश्नकर्ता: रोलरच्या कडांचे काय?

उत्तर २: तेथे दाब सूत्रापेक्षा जास्त येतो, रोलरला किंचित फुगीर आकार द्यावा.