एनसी स्टेटचं (अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉल टीम) कोणी फॅन आहे का मुंबईत, की मी एकटाच वेडा?

दादरकर_पश्चिम: सकाळी साडेसहाला ऑफिसची बॅग भरता भरता मोबाईलवर मॅच लावायची, एक दिवस तगड्या टीमला हाणतात आणि पुढच्याच मॅचला कोणाकडूनही मार खातात. बायको म्हणते सोडून दे. तुम्ही कसे टिकता?

कुर्ला_हूप्स: अरे २०२४ विसरलास काय? रेग्युलर सीझनच्या शेवटच्या चारही मॅच हरले, एसीसीत (त्यांची कॉलेज लीग) दहावे, आणि मग लीगच्या नॉकआउट स्पर्धेत पाच दिवसांत पाच मॅच जिंकून कप उचलला, वर थेट फायनल फोर, म्हणजे देशभरच्या कॉलेज स्पर्धेची सेमीफायनल, ते पण १९८३ नंतर पहिल्यांदा! आता बोल.

ठाणेकर७: ते एकदाच रे. अशा टीमवर जीव लावणं म्हणजे ब्लड प्रेशरला आमंत्रण 😅

माटुंगा_बेंच: खरी गोची ट्रान्सफरची आहे. २०२१ पासून खेळाडूने एकदा कॉलेज बदललं तरी वर्षभर न खेळता बसावं लागत नाही, पुढे तर नियम अजूनच सैल झाले, त्यामुळे दरवर्षी अर्धी टीम नवी, मग सातत्य कुठून येणार? आपण टी-शर्टवर प्रेम करतो, पोरांवर नाही. आणि व्हर्जिनियाची टीम बघ, २०१८ ला त्याच देशभरच्या स्पर्धेत पहिलं सीड (सर्वात वरचं मानांकन) असून सोळाव्या सीडकडून वीस पॉइंटने हरले, पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच झालं नव्हतं, नी २०१९ ला चॅम्पियन. तेव्हा टीम सोडलेल्या फॅन्सचं काय झालं असेल?

दादरकर_पश्चिम: बरं, नाही सोडत. कुर्ला, पुढची मॅच माझ्याकडे बघूया, चहा तू आण.