उघड्या हवेतला रेडॉन नेमका मोजायचा कसा?

निरीक्षक_22: घरात रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) मोजायला वापरतात तो मीटर बाहेर सावलीत टांगलाय, तर एका तासाला 0 दाखवतो, पुढच्या तासाला 30, मग परत 5. मीटर बिघडलाय का बाहेर असंच वरखाली होतं? आणि पंपाने फिल्टरवर हवा ओढून मोजतात त्यात रेडॉनच मोजला जातो ना?

अल्फा_काउंट: बिघडलेला नाहीये, त्याला मोजायला पुरेसं मिळतच नाहीये. बाहेर रेडॉन साधारण 10 बेकरेल (म्हणजे सेकंदाला 10 अणू फुटणं) प्रति घनमीटरच्या आसपास असतो. आता मीटरचा चेंबर 100 मिलीचा धरा, त्यात तासाभरात रेडॉनचे जेमतेम 3-4 अणू फुटणार, त्यातून पुढे बनणाऱ्या दोन पोलोनियमचे धरून 11 एक अल्फा कण, आणि त्यातले सगळे काही सेन्सरवर पडत नाहीत. एवढ्याशा काउंटवर तासाच्या आकड्याला काही अर्थ नाही, आठवड्याची सरासरी बघा. मीटर जमिनीपासून मीटर-दीड मीटर वर हवा, पावसापासून आडोसा पाहिजेच.

हवामान_वेडा: फिल्टरचं मात्र वेगळं आहे. रेडॉन वायू फिल्टरमधून सरळ निघून जातो, अडकतात ते धुळीला चिकटलेले त्याचे डॉटर (रेडॉन फुटून बनलेले किरणोत्सारी अणू), म्हणजे पोलोनियम-218, शिसं-214, बिस्मथ-214. पंप बंद केल्यावर काउंट अर्ध्या-पाऊण तासात निम्म्यावर येत गेला तर समजा हे तेच, आणि पाच-सहा तासांनी पण थोडं उरलंच तर ते थोरॉनकडून (रेडॉनचाच दुसरा प्रकार, रेडॉन-220) आलेलं शिसं-212, त्याचं अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) 10.6 तास.

निरीक्षक_22: मग फिल्टरच्या काउंटवरून रेडॉन काढता येतो का?

हवामान_वेडा: बाहेर इक्विलिब्रियम फॅक्टर (रेडॉनच्या मानाने डॉटर किती ते सांगणारा आकडा) 0.6 धरतात, पण ती सरासरी झाली, एकेका रीडिंगला 0.6 ने भागणं मला तरी पटत नाही कारण पाऊस आला की डॉटर धुऊन खाली येतात, हवेत कमी होतात आणि जमिनीजवळ गॅमा किरण वाढतात, रेडॉन वायू मात्र तसा धुतला जात नाही. यावर दोन फिल्टरची पद्धत भारी आहे, पहिला फिल्टर जुने डॉटर सगळे अडवतो, मग हवा मोठ्या टाकीत थोडा वेळ राहते, तिथे रेडॉनपासून जे नवे बनतात तेवढेच दुसऱ्या फिल्टरवर मोजायचे. टास्मानियातल्या केप ग्रिमला असंच मोजतात. पण टाकी शेकडो लिटरची लागते.

अल्फा_काउंट: आणि वेळ लिहून ठेवा हो प्रत्येक वेळी! वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची गार हवा वर जात नाही म्हणून रेडॉन साठत जातो, पहाटे सगळ्यात जास्त भरतो, दुपारी सगळ्यात कमी. पहाटेचा फिल्टर आणि दुपारचा फिल्टर एका रांगेत ठेवून तुलना करू नका.