मदत हवी आहे: हंगेरीहून कुत्र्याचं पिल्लू मागवलंय, पुढचे पैसे भरू की थांबू?

गोदाकाठचा:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचून जाणारा, आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

लेक यंदा दहावीला. शेवटचा पेपर झाला की कुत्रा आणू, असं मीच बोलून बसलो होतो. तिला हवा कॅव्हलिअर किंग चार्ल्स स्पॅनिएल. लांब कान, तांबडा-पांढरा रंग, डोळे असे की नाही म्हणायची सोय नाही. नाशकात कुणाकडे मिळाला नाही. पुण्यातल्या एकाने सहा महिने थांबायला सांगितलं. मग लेकीलाच इन्स्टाग्रामवर एक केनेल सापडलं, बुडापेस्टजवळचं म्हणतात. एकूण किंमत १,१०,००० रुपये, घरपोच. ३८,००० आगाऊ भरलेत. त्यांच्या 'भारतातल्या एजंट'च्या यूपीआयवर.

परवा एका पेट कुरिअरची मेल आली. विमानासाठी वातानुकूलित पिंजरा लागतो, त्याचे २४,५०० भरा, कुत्रा हातात पडला की परत मिळतील. मला ते जरा खटकलं. बायको म्हणते, आता एवढे भरलेत तर हेही भरून टाका, पिल्लू तिकडे अडकून पडायचं. आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली आहे.

त्यांनी पिल्लाच्या पासपोर्टचा फोटो पाठवलाय, तो खाली जोडतो. जन्म ३ मार्च, रेबीजची लस २८ मार्च, कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबरही आहे. कागद बघून कुणी सांगेल का, खरं आहे का हे?

---

शेपूटवाला:

दादा, एक पैसाही भरू नका. आधी फोन उचला आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, बाकीचं मग वाचा. पैसे जाऊन किती दिवस झाले? जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

त्या पासपोर्टवरचा पिल्लाचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला. तेच पिल्लू, तीच निळी गादी, आणखी दोन पानांवर सापडलं. एका ठिकाणी नाव बेला, किंमत डॉलरमध्ये.

---

गोदाकाठचा:

नऊ दिवस झाले. फोटो चोरून दुसऱ्यानेच वापरले असतील, असंही होऊ शकतं ना?

---

पशुवैद्य_सांगली:

होऊ शकतं. म्हणून फोटो बाजूला ठेवा आणि तुम्ही जोडलेला कागदच बघा.

चिपचा नंबर मोजा. मी दोनदा मोजला, १४ आकडे आहेत. आयएसओ मानकाच्या चिपला १५ असतात. पहिले तीन आकडे देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे. हंगेरीचा देश-क्रमांक ३४८. ९०० च्या पुढचा क्रमांक असता तर तो कंपनीचा म्हणून चाललं असतं. तुमच्या कागदावर २७६ आहे, म्हणजे जर्मनी. जन्म हंगेरीत, चिप जर्मन, आणि तीही एक आकडा कमी.

आता लस. ३ मार्च ते २८ मार्च, म्हणजे पंचवीस दिवस. या वयात पिल्लू आईच्या दुधावर असतं, डोळे उघडून जेमतेम दहा-बारा दिवस झालेले. प्रवासासाठी ग्राह्य धरली जाणारी रेबीजची लस युरोपात १२ आठवड्यांच्या आत देताच येत नाही. त्यानंतर युरोपातल्या युरोपात न्यायलाही २१ दिवस थांबावं लागतं. भारतात आणायचं तर लस टोचून महिना उलटलेला हवा. म्हणजे कायद्याने येणारं पिल्लू चार महिन्यांच्या आसपासचंच असणार. दोन महिन्यांचं गुबगुबीत 'इम्पोर्टेड' पिल्लू कुणी दाखवलं, तर एक तर ते इथेच जन्मलेलं आहे, नाहीतर चोरवाटेने आलेलं, नाहीतर अस्तित्वातच नाही.

---

परतीचा_प्रवासी:

डॉक्टरांनी कागदाचं सांगितलं, मी विमानतळाचं सांगतो. आमची कुत्री ठकी जर्मनीहून मुंबईला आणली तेव्हा यातून गेलोय.

मुळात हा रस्ताच तुमच्यासाठी उघडा नाही. २०१६ पासून प्रजननाच्या धंद्यासाठी कुत्रे आणायला बंदी आहे. पाळीव कुत्रा म्हणून आणायचा तर त्याचं पेट बुक (लसी-तपासण्यांच्या नोंदींची वही) आणि कागद आणणाऱ्याच्या नावावर लागतात. सामानासोबत दोन प्राण्यांची जी सवलत आहे, ती परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं घरी परतणाऱ्यांसाठी. आम्ही त्यात बसलो. नाशकात बसून ऑनलाइन मागवणारा त्यात बसत नाही, त्याला डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाचा, आयात परवाना काढावा लागतो. तुमच्याकडे त्यांनी असा परवाना मागितला का? नसेल मागितला, तर केनेल खरं असलं तरी कुत्रा मुंबईत उतरून अडकणार.

शिवाय निघण्याआधी प्राणी विलगीकरण आणि प्रमाणीकरण सेवेची, म्हणजे एक्यूसीएसची, एनओसी हातात लागते. यांची कार्यालयं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि आता कोचीलाही आहेत, त्याच विमानतळांवरून प्राणी येतात. त्या एनओसीवर आणणाऱ्याचं, म्हणजे तुमचं नाव असतं. तुमच्या नकळत ती निघत नाही. तिकडे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सहीने भागलं नव्हतं, सरकारी पशुवैद्याकडे जाऊन शिक्का आणावा लागला.

आणि तो पिंजरा! पिंजरा आपण विकत घेतो हो. कुत्र्याला आत उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे, एवढं त्याचं माप. आमचा अजून माळ्यावर पडलाय, बायकोने त्यात दिवाळीचे आकाशकंदील भरलेत. परत मिळणाऱ्या अनामतीवर 'वातानुकूलित' पिंजरा ही भानगड मी कुठे पाहिली नाही. गार-गरम जे काही असतं ते विमानाच्या त्या कप्प्यात असतं.

---

खमंग_चिवडा:

रस्त्यावर एवढी गोड पिल्लं हिंडताहेत आणि लोकांना हंगेरी पाहिजे. भोगा.

---

शेपूटवाला:

चिवडासाहेब, माणूस पैसे घालवून बसलाय. देशी कुत्र्यांवर वेगळा धागा काढा, मीही येतो, माझ्याकडे दोन आहेत.

गोदाकाठचा, या नाटकाचा पुढचा अंक सांगून ठेवतो. पिंजऱ्याचे भरलेत की विमा निघतो. मग पिल्लू 'दिल्लीत अडकतं', विलगीकरणाची फी येते. शेवटी धमकी, की पैसे भरले नाहीत तर प्राणी बेवारस सोडल्याचा गुन्हा तुमच्यावर. माझ्या मेव्हण्याने तिसऱ्या हप्त्यापर्यंत भरले होते. आणि हंगेरीच्या माणसाला रुपये यूपीआयने कसे पोचतात? बाहेर पैसे पाठवताना बँक ए-२ फॉर्म भरून घेते. कुणा भलत्याच्या बचत खात्यावर पैसे मागितले तिथेच पाणी मुरत होतं.

---

गोदाकाठचा:

१९३० ला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरही तक्रार टाकली, पोचक्रमांक मिळाला. बँकेलाही कळवलं.

तरी मनाची खात्री म्हणून त्यांना लिहिलं, की आत्ता व्हिडिओ कॉल करा, पिल्लू आईजवळ दाखवा आणि स्कॅनर चिपवर फिरवून आकडे वाचा. उत्तर आलं, आई डॉक्टरकडे आहे. तासाभराने वीस सेकंदांचा एक रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आला. तो लेकीला दाखवला. तिने एकदाच बघितला आणि म्हणाली, "बाबा, ही ती नाही." फोटोतल्या पिल्लाच्या डाव्या कानावर पांढरा पट्टा होता, व्हिडिओतल्याच्या नाही. दोन आठवडे तिच्या मोबाइलच्या पडद्यावर तोच फोटो होता, तिला कशाला चुकेल.

डॉक्टर, आता घाई नाही. पण पुढे कधी ही जात घ्यायचीच तर काय बघायचं?

---

पशुवैद्य_सांगली:

हृदय. या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार फार, तोही कमी वयात. दुसरं म्हणजे कवटी लहान पडून मानेतल्या मज्जारज्जूचं दुखणं. कुत्रं हवेतल्या हवेत मान खाजवत राहतं आणि लोकांना वाटतं पिसवा झाल्यात. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही जात आहे तशीच वाढवत राहणं प्राणी कल्याण कायद्याविरुद्ध ठरवलं, ते यामुळेच. म्हणून पिल्लाच्या आधी त्याच्या आई-बापाच्या हृदयाचा तपासणी अहवाल मागा. वंशावळीचा कागद कितीही झुळझुळीत असला, तरी त्यावरून तब्येत कळत नाही.

इथल्या ब्रीडरकडे गेलात तर राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी विचारा, २०१७ च्या नियमांनी ती सक्तीची आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाही त्यात मनाई आहे. घरी जाऊन आई बघा. पुण्याच्या ज्या माणसाने तुम्हाला सहा महिने थांबायला सांगितलं, त्याच्याकडे मी आधी गेलो असतो. त्याने तुम्हाला काही उलट प्रश्न विचारले होते का?

---

गोदाकाठचा:

विचारले होते. घरी दिवसभर कोण असतं, कितव्या मजल्यावर राहता, आधीचा कुत्रा कशाने गेला. मला तेव्हा तो आगाऊ वाटला होता.

एक राहिलं. 'आयात फॉर्म'साठी म्हणून मी त्यांना आधार आणि पॅन दोन्हीच्या प्रती पाठवल्या आहेत. त्याचं काय करू?

---

परतीचा_प्रवासी:

आधारचं बायोमेट्रिक आजच्या आज लॉक करा, ॲपवरून होतं. सिबिलचा अहवाल काढा आणि पुढचे काही महिने अधूनमधून बघत राहा, तुमच्या नावावर एखादं कर्ज दिसलं तर लगेच हरकत घ्या. १९३० च्या तक्रारीत या प्रतींचा उल्लेख केला नसेल तर तो जोडून द्या. आणि त्यांना ब्लॉक करण्याआधी सगळं संभाषण, यूपीआय आयडी, व्यवहाराचा क्रमांक आणि मेल जपून ठेवा, पोलीस पहिलं तेच मागतील.

---

गोदाकाठचा:

लॉक केलं. स्क्रीनशॉट लेक काढतेय, एकूण बासष्ट झाले. पुण्याला रविवारी फोन करतो.