व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे
शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांत चालणारा सामायिक व्हिसा) हातात असताना विमानतळावर तासभर चौकशी करणे हा निव्वळ छळ आहे, असे काही प्रवासी म्हणतात; हे मत मला पूर्णपणे पटत नाही. व्हिसा असला तरी आत घ्यायचे की नाही हे सीमेवरचा अधिकारीच ठरवतो, आणि परतीचे तिकीट, राहण्याची सोय, पुरेसे पैसे व प्रवासाचे कारण विचारण्याचा त्याला नियमानेच अधिकार असतो. आम्ही नागपूरहून मुंबईमार्गे गेलो, तेव्हा सर्व छापील कागद मी सामानाच्या बॅगेत टाकले होते (शहाणपणा माझाच) आणि खिडकीपाशी पोहोचेपर्यंत फोनही बंद पडला होता. बाजूला बसवले, यात नवल नव्हते.

खरा घोळ दिवसांच्या मोजणीत होतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, ही मर्यादा सहामाहीप्रमाणे नव्हे, तर मुक्कामाच्या प्रत्येक दिवसापासून मागे मोजायची असते. त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा दिवसही धरतात, आणि व्हिसावर कमी दिवस लिहिले असल्यास तेच लागू होतात. मुलांकडे वरचेवर जाणारे आईवडील नेमके इथेच फसतात.

प्रवेश नाकारलाच, तर कारण नमूद केलेला लेखी फॉर्म मिळतो व त्याविरुद्ध अपील करता येते. तो फॉर्म घेतल्याशिवाय परतू नये.