सही वरिष्ठांची, पण हात आपला

‘वरिष्ठांनी सांगितलं तर करून टाकायचं, जबाबदारी त्यांची’ हे नोकरीत नेहमी ऐकू येणारं मत मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचं प्रकरण आठवा. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाची रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते परोपरीने सांगत होते, की एवढ्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांमधली रबरी कडी कडक होतील, उड्डाण पुढे ढकला. कंपनीच्या अभियांत्रिकी प्रमुखाला मात्र ‘आता व्यवस्थापक म्हणून विचार कर’ असं सुचवलं गेलं आणि त्याने मत बदललं. याच कंपनीचे अभियंते ॲलन मॅकडोनाल्ड यांनी उड्डाणाच्या संमतिपत्रावर सही करायला नकार दिला, म्हणून ती वरिष्ठांनी केली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले.

नकार देऊन अपघात टळला नाही, हे खरं. पण पुढे चौकशी आयोगासमोर खरी हकिकत मांडली ती याच मॅकडोनाल्ड यांनी.

आपल्या कामात सातजणांचे प्राण नसतात, चुकीचा अहवाल किंवा मागची तारीख टाकलेला कागद असतो. दबाव तोच असतो: घाई, आणि ‘बाकी सगळे तयार आहेत’. अशा वेळी मी हरकत त्याच दिवशी ईमेलने लेखी कळवते. तोंडी हरकत दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.