मालक गाफील, लांडगा जागा: मग चावायचं की नाही?

रातकिडा
शनिवारच्या डावापासून डोकं फिरलंय. आम्ही डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ) अजून २०१४च्याच नियमांनी खेळतो. मी तिसऱ्या लेव्हलचा बीस्ट मास्टर रेंजर, म्हणजे जनावर सोबत घेऊन लढणारा, सोबत लांडगा. झुडपात तीन गॉब्लिन लपलेले, तिघांत सगळ्यात कमी स्टेल्थ (लपण्याचा आकडा) १६. माझं पॅसिव्ह परसेप्शन (न शोधता चाहूल लागण्याचा आकडा) १४. म्हणजे मी गाफील (नियमांत 'सरप्राइज') सापडलो, पहिली पाळी गेली, मान्य. पण लांडग्याचं १३, नाक-कान तिखट म्हणून वर ५, झाले १८. त्याला कळलं! तरी डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, "तो तुझ्याच इनिशिएटिव्हवर (पाळीच्या क्रमावर) खेळतो, तुझी पहिली पाळी गेली की त्याचीही गेली." अरे, सरप्राइज प्रत्येकाचं वेगळं बघतात ना? धनगराचं कुत्रं धनगर जागा व्हायची वाट बघत बसतं का?

विसाचा फासा
डीएम अर्धा चुकला, तुम्ही उरलेले अर्धे. लांडगा गाफील नाही, त्यामुळे त्याची पाळी जात नाही. पण हल्ला करायला तुमचा हुकूम लागतो, आणि त्या हुकुमाला तुमची ॲक्शन (पाळीतलं मुख्य काम). ती तर तुमच्याकडे नाहीच. हुकूम नसेल तर त्याने डॉज (नुसते वार चुकवणं) करायचं, असं नंतरच्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय. हां, रिॲक्शनला (दुसऱ्याच्या पाळीत झटकन दिलेल्या प्रत्युत्तराला) हुकूम लागत नाही. गॉब्लिन त्याच्याजवळून सटकला असता तर एक चावा हक्काचा होता.

रातकिडा
त्याच परिच्छेदात पुढे काय आहे तेही वाचा की! मालक इनकपॅसिटेटेड (काहीच करू न शकणारा) असेल किंवा जवळ नसेल, तर जनावर स्वतःच्या अकलेने लढतं, मालकाला वाचवतं. म्हणजे मी बेशुद्ध पडलो तर लांडगा तुटून पडणार, आणि मी नुसता दचकलो तर हा अंग चोरत उभा? ह्याला काय अर्थ आहे?

विसाचा फासा
अर्थ नसेल, नियम आहे. गाफील म्हणजे इनकपॅसिटेटेड नव्हे.

जांभळी शाई
मी सात-आठ वर्षं डीएमगिरी करतेय, मला रातकिड्याचं पटतं. बीस्ट मास्टर आधीच दुबळा म्हणून बदनाम, त्यात लांडग्याच्या नाकाचा एकदा कुठे उपयोग झाला तर तोही काढून घ्यायचा? माझ्या टेबलवर मी चावू दिलं असतं. एक कीस मात्र काढतेच. "इकडे सरक" हा हुकूम तोंडी असतो, त्याला ॲक्शन लागत नाही. गाफील माणसाला हलता येत नाही, ॲक्शन नाही, पण बोलू नये असं कुठे लिहिलंय?

विसाचा फासा
गॉब्लिन कुठे आहेत हे ज्याला ठाऊकच नाही, तो सांगणार कुठे सरकायला?

जांभळी शाई
"मागे हो" म्हणायला पत्ता लागत नाही. 😄

टिनाचा कुत्रा
आमचं दुःखही ऐका. मी बॅटल स्मिथ. माझ्या स्टील डिफेंडरच्या (मी बनवलेल्या यंत्र-सोबत्याच्या) वर्णनातच आहे की तो कधीच गाफील सापडत नाही. ऐकायला भारी वाटतं ना? त्याची पाळी माझ्या पाळीनंतर लगेच, आणि हल्ल्याला माझी बोनस ॲक्शन (पाळीतलं जादाचं छोटं काम) लागते. ॲक्शन गेली की बोनसही गेली. तेव्हा लाखमोलाचा पहारेकरी पहिल्या फेरीत डॉज करत बसतो. लांडग्याला निदान जन्मजात नाक तरी आहे.

ढालकरी
२०२४चं पुस्तक घ्या आणि वाद मिटवा. आता सरप्राइज म्हणजे इनिशिएटिव्हला फक्त डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी तो धरायचा). पाळी कुणाचीच बुडत नाही.

रातकिडा
मिटला कुठे? नव्यातही रेंजरचं जनावर त्याच्याच पाळीत खेळतं. मी गाफील, माझा फासा पडला खाली, की लांडगाही माझ्यासोबत खाली. जुन्यात निदान डॉज तरी मिळत होता, इथे त्याच्या नाकाला काहीच किंमत नाही. त्यापेक्षा विझार्डचं (जादूगाराचं) घुबड बरं, ते स्वतःचा इनिशिएटिव्ह स्वतः टाकतं.

ढालकरी
टाकतं, पण त्याला हल्लाच करता येत नाही. बदलायचं का?

रातकिडा
नको. पुढच्या शनिवारी डीएमकडे एवढंच मागणार आहे: लांडग्याने पहिल्या पाळीत गॉब्लिनच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभं राहावं. चावा नको.

विसाचा फासा
मागा. जाता जाता, तुमचा प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलप्रमाणे मिळणारी भर, तुमची २) लांडग्याच्या परसेप्शनमध्येही मिळवायचा असतो. म्हणजे १८ नाही, २०.

रातकिडा
😑