'घरगुती थरार' म्हणावं का? एका कप्प्याच्या चिठ्ठीसाठी शब्द हवा

नागपूरच्या धरमपेठेतून प्रश्न

आमच्या फ्लॅट स्कीममध्ये खालच्या खोलीत दोन कपाटांचं वाचनालय आहे. कप्प्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे आलं आणि एका कप्प्याशी मी अडले आहे.

या कादंबऱ्यांत गुप्तहेर नाही, डॉन नाही, भूत नाही. नवरा, बायको, सासू, शेजारीण, मुलं सांभाळायला ठेवलेली मुलगी, एवढीच माणसं. गुन्हा कधी घडतो, कधी नुसता घडेल असं वाटत राहतं. इंग्रजीत याला 'डोमेस्टिक सायकॉलॉजिकल थ्रिलर' म्हणतात. 2012 मध्ये 'गॉन गर्ल' आली, तेव्हापासून तर यांचं पीकच आलं आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त हीच पुस्तकं बाहेर असतात.

'घरगुती थरार' लिहिलं आणि खोडलं. घरगुती म्हटलं की डबा, मसाला, उपाय आठवतात. तो मायेचा शब्द आहे. 'कौटुंबिक' म्हटलं तर सहकुटुंब बघायचं नाटक, नाहीतर कोर्ट.

नेमकं काय पकडायचं आहे ते सांगते. मे महिन्यातली दुपार, खिडक्या बंद, कूलर घरघरतोय. मी यातलंच एक पुस्तक वाचत होते. मागून यजमानांनी विचारलं, "चावी कुठे ठेवलीस?" रोजचाच प्रश्न. पण त्या दिवशी मी आधी त्यांचा आवाज ऐकला, प्रश्न नंतर. सव्वीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदा झालं. ती जी एका क्षणाची लकेर आहे, तिच्यासाठी शब्द हवा.

महालातून

ताई, 'रहस्यकथा' लिहा, निश्चिंत लिहा. संस्कृतात 'रहस्' म्हणजे एकांत, आडोसा. माणसं आपापसात असताना जे असतं ते रहस्य. 'विरह' हाही त्याच धातूतून आलेला. म्हणजे मुळात हा शब्द बंद दाराआडचाच आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापासून आपण त्याला पिस्तूल आणि पाठलाग जोडला, हा वापराचा भाग झाला. 'गूढ'चं तसं नाही. गूढ म्हणजे झाकलेलं, 'गुहा'सुद्धा त्याच धातूची. पण मतकरींच्या गूढकथांमुळे मराठी वाचक तिथे अतर्क्याची वाट बघतो, ते या पुस्तकांत नसतं.

प्रतापनगरातून

काका, व्युत्पत्ती पटली, पण चिठ्ठी वाचणाऱ्याला 'रहस्' थोडंच आठवणार? त्याला इन्स्पेक्टरच दिसणार.

मला वाटतं आपल्याकडे नाम नसलं तरी म्हणींत हा सगळा प्रकार भरलेला आहे. 'केसाने गळा कापणे' घ्या. सुरा नाही, केस! इतक्या जवळ यायला आधी विश्वास लागतो. 'आस्तनीतला निखारा', म्हणजे आपल्याच बाहीत जपलेला. आणि 'मन चिंती ते वैरी न चिंती', यात तर या कादंबऱ्यांचं अर्धं तंत्र आलं. पहिली दीडशे पानं नायिकेचं मनच चिंतत असतं, वैरी कोण ते ठरायचंच असतं.

माझी आई वर्धेकडची. ती ही पुस्तकं रात्री जागून वाचते. म्हणते, "भेव लागते वं माय, पण ठेववत नाही." तिला विचारलं, एवढं भेव लागते तर वाचतेस काहून? म्हणाली, "सारं आयुष्य ज्याची भाजी फोडणीला घातली त्याच्या पोटात काय आहे, थे कोनाले मालूम?" आवड कशाची आहे हे मला तरी यातून कळलं. परक्या माणसाचं भेव साधं असते. ओळखीच्या माणसाचं वेगळं.

धंतोलीतून

याच ओघात 'गॅसलाइटिंग'चंही बोलू, म्हणजे एखाद्याला स्वतःच्याच अनुभवाबद्दल शंका यायला लावणं. तो शब्द पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या 1938 च्या नाटकावरून आला. नवरा रोज रात्री गुपचूप वरच्या मजल्यावर जाऊन दागिने शोधतो, तिथे गॅसचा दिवा लावतो, म्हणून खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंदावतो. ती सांगते, तो म्हणतो तुला भास होतोय. त्यावरच्या 1944 च्या चित्रपटात बायकोची भूमिका इन्ग्रिड बर्गमनने केली आणि ऑस्कर मिळवलं. 2022 मध्ये मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

मराठीत 'वेड्यात काढणे' आहे. "मी सांगत होते दिवा कमी होतो, त्याने मला वेड्यात काढलं." अगदी नैसर्गिक वाक्य. पण एक कमी पडतं. वेड्यात काढलेल्या बाईला आपण बरोबर आहोत हे ठाऊक असतं, ती चिडते. गॅसलाइटिंगमध्ये तिला स्वतःचंच खरं वाटेनासं होतं, ती माफी मागते. हा फरक मोठा आहे आणि ही पुस्तकं त्या फरकावरच उभी असतात.

पुन्हा धरमपेठ

सगळ्यांचे आभार. प्रतापनगरच्या ताईंचं वाचता वाचता मला म्हण सुचली आणि कप्प्यावर तिचा पहिला अर्धा भाग लावला आहे: 'घर फिरलं की…'. काल संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चिठ्ठी वाचली, "वासेही फिरतात," म्हणाल्या आणि दोन पुस्तकं घेऊन गेल्या.

धंतोलीच्या मुद्द्यावर मात्र मी अजून अडलेली आहे. 'वेड्यात काढणे' हे तिसऱ्यासमोर घडतं, चारचौघांत. दोघांतच, महिनोन्महिने, हळूहळू जे घडतं त्याला आपल्या घरातल्या बायका काय म्हणायच्या? 'भ्रम पाडणे' मला पुस्तकी वाटतो. झाडीपट्टीत किंवा वऱ्हाडात बोलण्यातला एखादा शब्द कुणाच्या आईच्या, आजीच्या तोंडी ऐकला असेल तर वाक्यासकट सांगा.